ठोकळामुक्त चढण

३ मार्च, सकाळ

तमाम अवजड वाहनांच्या चालक-मालक बंधूंनो! आणि त्यांच्या मागून ठोकळा घेऊन चालणाऱ्या भगिनींनो!

(ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पण समोर निदान दोनशे माणसं बसली आहेत असं धरल्याशिवाय माझं पेन चालत नाही. हाताची सवय. तोंडाची म्हणा.)

आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. चढण! सपाट रस्त्यावर आपण राजे. पण खाणीवरून खडी भरून धरणाच्या कामाकडे निघालो, की घाटातल्या अवघड वळणाला, त्या वाकणापाशी, आपली काय दशा होते? पहिला गिअर. इंजिनाला धाप. मागे बसवाल्याचा हॉर्न. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मागच्या चाकाजवळ लाकडी ठोकळा घेऊन पायी चालणारं माणूस! कशासाठी? तर गाडी मागे आलीच, तर चाकाखाली टाकायला! बंधूंनो, माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि आपण पुढे जाताना मागे येण्याची तयारी काखेत घेऊन चालतो!

इथे टाळ्या.

गेल्या आठवड्यात आमचीच गाडी वाकणावर बंद पडली. ब्रेकने जेमतेम धरली, ठोकळ्याने थांबवली. ठोकळा सौ.च्या हातात होता. आमच्या घरात ते काम तिचंच. गाडी चालवतो धाकटा भाऊ. मी संघटनेचा अध्यक्ष असल्यामुळे विचार करतो.

धाकटा खाली उतरला आणि आधी चाकाखालचा ठोकळा बघून आला. म्हणाला, दादा, पुन्हा एकदा गाडी माझ्या पायाखालून मागे गेली, तर चावी तुझ्या हातात आणि मी बसच्या डेपोत नोकरीला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ही वेळ पुन्हा येणार नाही, हा माझा शब्द आहे. तो म्हणाला, शब्द नको, टॉर्क दे.

संकल्प: टॉर्क देणे. (टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर.)

४ मार्च

ग्रंथालयातून इंजिनावरचं जाड पुस्तक आणलं. दुपारपर्यंत विषय संपवला. (पुस्तक नाही. विषय.)

दोष कुठे आहे ते सापडलं. कॅमशाफ्ट. इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा. त्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे झडपा उघडतात आणि मिटू देतात. हवा-पेट्रोल आत, धूर बाहेर. म्हणजे तोंड कोणी उघडायचं, कधी आणि किती वेळ, हे ठरवणारा. थोडक्यात, इंजिनाचा सभाध्यक्ष. सभाध्यक्ष नेभळट असेल तर सभा चढण कशी चढणार?

आमचा ट्रक लष्कराच्या लिलावातला, आठ सिलिंडरचा, पेट्रोलवरचा. हत्ती आहे. पण हत्तीच्या पोटात सशाचा दांडा बसवलाय. मुद्दाम! मोठ्या कंपन्यांना आपण हळू चाललेले हवे असतो.

सौ.ला हे सगळं समजावून सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, दांडा बदला नाहीतर काही करा, पण धाकट्या भावोजींचा जीव माझ्या एका ठोकळ्यावर ठेवू नका, मागच्या वेळी माझी बोटं थोडक्यात वाचली.

तिला मोठं चित्र दिसत नाही.

६ मार्च, संध्याकाळ

शाफ्टवाल्या बाईंकडे गेलो. आसपास कॅमशाफ्ट घासून देणारं त्यांचं एकच वर्कशॉप. दारातच ग्राइंडरचा कर्कश आवाज, भिंतीला दांडे टांगलेले, कपाळावर गॉगल चढवलेल्या बाई. आवाज असा, की त्यांच्यासमोर माइकशिवाय बोलायचं तर मीही विचार केला असता. मी आत शिरून आपल्या समान दुखण्याबद्दल प्रस्तावना करत होतो, तर मशीन बंद न करताच ओरडल्या, अध्यक्ष, सभा नंतर, इंजिन कुठलं ते बोला!

मग प्रश्नांची सरबत्ती. लोड किती? टायर केवढे? वाकणावर इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर चालतं? मी म्हणालो, पूर्ण ताकदीने. बाई म्हणाल्या, ताकद नाही विचारली, फेरे विचारले. मी म्हणालो, तपशील धाकट्याकडे असतो, माझ्याकडे दिशा असते. बाईंनी गॉगल डोळ्यांवर ओढला आणि परत काढला. का ते कळलं नाही.

त्यांनी दोन दांडे बाकावर ठेवले.

पहिला. उंचवटे ठेंगणे, आखूड. बाई म्हणाल्या, तुम्हाला हा. याच्यात झडप थोडा वेळच उघडते आणि लवकर मिटते. आत आलेली हवा आतच कोंडते, मग खालच्या फेऱ्यांवर जोर येतो. गाडी रांगेल, पण चढेल. वर पळायला मागू नका, देणार नाही.

दुसरा. काय सांगू! उंच, भरदार उंचवटे. झडप सताड उघडी, आणि बराच वेळ उघडी. हातात घेतला तर काही तरी धरल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, तो शर्यतीचा. खालच्या फेऱ्यांवर झडप मिटेपर्यंत निम्मी हवा आल्या वाटेने परत जाते. शिवाय आत यायची आणि बाहेर जायची, दोन्ही झडपा एकदम उघड्या राहतात बराच वेळ, म्हणून इंजिनाची हवेची ओढ कमी होते. त्या ओढीवर तुमच्या ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर चालतो. ब्रेक दगड होईल दगड! सपाटीवर उडवायचा असेल तर न्या. चढणीवर न्याल तर माझ्याकडून नेला म्हणून सांगू नका.

घरी येताना डोकं तापलं होतं. आखूड उघडायचं, लवकर मिटायचं, आतल्याला कोंडून ठेवायचं. आणि याला म्हणे जोर! हे मी कुठे ऐकलंय? प्रत्येक साहेबाच्या केबिनमध्ये ऐकलंय!

७ मार्च

रात्रभर झोप नाही. प्रश्न यंत्राचा नाही, तत्त्वाचा आहे.

ज्या माणसाने आयुष्यभर तोंडं बंद करणाऱ्यांविरुद्ध गळा फोडला, त्याने स्वतःच्या इंजिनात मुस्कटदाबी बसवायची? जितकं तोंड मोठं उघडं, जितका जास्त वेळ, तितका जोर जास्त. हे मला कोणी शिकवू नये. आमच्या वार्षिक सभेत मी अडीच तास बोललो होतो, शेवटी एकही विरोधक उरला नव्हता. (बाकीचेही थोडे गेले होते. बस पकडायची होती त्यांना.)

निर्णय: मोठा दांडा.

दुपारी बाईंकडे जाऊन उचलला. त्यांनी माझ्याकडे रोखून बघत विचारलं, कुठे चालवणार? मी म्हणालो, सपाटीवर.

हे असत्य नाही. वाकणापर्यंत रस्ता सपाटच आहे.

धाकट्याने विचारलं, बाई काय म्हणाल्या? मी म्हणालो, म्हणाल्या, असा दांडा या भागात कोणाच्याच ट्रकमध्ये नाही.

हेही खरंच आहे.

ब्रेकचं काही बोललो नाही. ड्रायव्हरच्या मनात शंका घालणं म्हणजे अर्धा अपघात करणं.

९ मार्च

दांडा बसवायचं काम चालू. धाकटा सकाळपासून इंजिनात कमरेपर्यंत. मी शेजारी स्टुलावर बसून यंत्रयुगाचा इतिहास सांगत होतो, म्हणजे त्याला कंटाळा येऊ नये. त्याने तीनदा बारा नंबरचा पाना मागितला. तिसऱ्यांदा सौ.ने दिला.

त्याने जुना आणि नवा दांडा शेजारी धरून पाहिले. म्हणाला, दादा, हा फारच तगडा वाटतो रे, असा चढणीला चालतो? मी म्हणालो, तगडा चढणीला नाही चालणार तर काय रोगट चालणार? त्याला पटलं. निदान तो गप्प झाला.

माझ्यावर त्याचा फार विश्वास. लहानपणी मी म्हणालो की विहिरीला तळ आहे, तर हा आधी उडी मारायचा.

११ मार्च

इंजिन सुरू झालं! पण आवाज वेगळा. धडधड, धड... धड... मग थोडं थांबून परत धडधड. आख्खी केबिन हलते. आरसा एका जागी राहत नाही. सौ. म्हणाली, अहो हे दमा झाल्यासारखं करतंय. मी म्हणालो, मोठे वक्ते असेच थांबून थांबून बोलतात.

धाकट्याने ब्रेक दाबून बघितला. परत दाबला. म्हणाला, पेडल जड लागतंय. मी म्हणालो, नवीन बुटासारखं आहे ते, चालवून चालवून सैल होईल.

त्याने तिसऱ्यांदा दाबला. मी विषय बदलला. चहा.

१२ मार्च

यश! यश! यश!

रिकामी गाडी हायवेवर नेली. सुरुवातीला मरतुकडी, गिअर टाकताना दोनदा बंद पडली, पण एकदा फेरे वर गेले आणि काय सांगू, सुटली! मिनी ट्रक मागे, मोटारी मागे, ती हॉर्न मारणारी बस मागे! मी खिडकीतून हात बाहेर काढून बसवाल्याला अभिवादन केलं. धाकटाही हसला. आठवड्यात पहिल्यांदा.

परत येताना म्हणाला, दादा, वर जीव आहे, खाली काहीच नाही. वाकणावर तर चालण्याच्या वेगाला यावं लागतं, तिथे वरचे फेरे आणायचे कुठून? मी म्हणालो, आधी वेग घ्यायचा, त्याच वेगात वर जायचं. म्हणाला, वाकणात वेग घेतला तर वर नाही, खाली जाऊ, दरीत.

तपशील त्याच्याकडे असतो. मी तर म्हणतोच.

१४ मार्च

संघटनेची सभा. अध्यक्षीय भाषण. विषय: ठोकळामुक्त चढण!

मी म्हणालो, बंधूंनो, येत्या अठरा तारखेला आपला ट्रक पूर्ण लोड घेऊन वाकण चढेल आणि त्याच्यामागे एकही ठोकळा असणार नाही. आपण सगळे त्याच्यामागून ताठ मानेने, रिकाम्या हातांनी चालू! त्या दिवशी प्रत्येकाने आपापला ठोकळा संघटनेकडे जमा करायचा. त्या ठोकळ्यांचंच व्यासपीठ रचू, आणि त्यावर उभं राहून मी गुलामीच्या शेवटच्या खुणेवर बोलेन!

टाळ्या. प्रचंड.

फक्त तो तिरक्या. (त्याच्या ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा मोडलेला असल्यामुळे गाडी तिरकी चालते, म्हणून तिरक्या. स्वभावानेही.) उठून म्हणाला, अध्यक्ष, ठोकळा जमा करतो, पण गाडी मागे आली तर चाकाखाली काय टाकू, तुमचं भाषण? वजनदार आहे म्हणतात.

हशा. इतिहासात प्रत्येक बदलाला हसणारे असतात. त्यांची नावं कोणी लक्षात ठेवत नाही.

पोस्टर छापायला दिली.

१५ मार्च

खाणीच्या आवारात लोड भरून जागच्या जागी चाचणी. नुसतं जागेवरून हलायला धाकट्याला क्लच एवढा घासावा लागला, की जळका वास सगळीकडे पसरला. खाणीवरचे मजूर नाक धरून बाजूला झाले. दोनदा बंद. तिसऱ्यांदा निघाली.

धाकटा उतरला, चाकाला टेकून उभा राहिला. म्हणाला, दादा, अठरा तारीख पुढे ढकल. मी म्हणालो, पोस्टर लागली. म्हणाला, मग ठोकळा तरी राहू दे, वहिनीला मागून चालू दे. मी म्हणालो, ठोकळा ठेवून ठोकळामुक्ती कशी होईल? लोक काय म्हणतील? म्हणाला, आणि वाकणावर बंद पडली तर?

मी म्हणालो, इंजिन बंद पडत नाही रे, माणूस बंद पडतो.

वाक्य फार चांगलं सुचलं. लिहून ठेवतोय. पण धाकटा त्यानंतर जेवायला आला नाही.

१६ मार्च

सौ. सकाळी ट्रक धूत होती. नंतर बघतो तर केबिनमध्ये बसून इंजिन चालू करून पेडल दाबतेय. दोन्ही पायांनी. उतरून माझ्याकडे आली आणि विचारलं, अहो, शाफ्टवाल्या बाई ब्रेकबद्दल काही म्हणाल्या होत्या का?

मी म्हणालो, बाई पुष्कळ काही म्हणतात.

म्हणाली, मी पुष्कळ नाही विचारलं. ब्रेकबद्दल विचारलं.

तेवढ्यात पोस्टरवाला आला. नशीब. पोस्टर उत्तम. फोटोत मी बोट वर करून.

मनात एक गोष्ट टोचतेय. पण मोठ्या कामात टोचण्या असतातच. भाषणाची तयारी.

१७ मार्च

वाकणावर, डोंगराच्या बाजूला, व्यासपीठ रचलं. जवळजवळ सगळ्यांचे ठोकळे आले. कोणाचा सागाचा, कोणाचा बाभळीचा, चाकांनी चावून चावून कडा गोल झालेल्या. एकावर एक रचले, वर दोन फळ्या. सुतार म्हणाला, खिळे मारायला अर्धा दिवस लागेल. मी म्हणालो, खिळे राहू द्या, माझ्या पायाखाली जनता आहे.

सौ.ने जाहीर केलं, की ती उद्या मिरवणुकीत चालणार नाही, व्यासपीठाला चिकटून उभी राहणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एकाही सभेत ती पुढे बसली नव्हती. डोळे भरून आले.

संकल्प: उद्याचं भाषण आटोपशीर. चाळीस मिनिटं.

१८ मार्च, सकाळ

आज.

धाकटा लवकर उठून ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून आला. हँडब्रेक ओढून बघितला, आणि हसला. आमचा हँडब्रेक सपाटीवरसुद्धा समजूत काढून लावावा लागतो. चहा घेतला नाही. चावी खिशात टाकताना म्हणाला, दादा, शेवटचं विचारतो. तुला खात्री आहे ना?

मी म्हणालो, आहे.

त्याने मान डोलावली आणि गेला. अगदी विहिरीच्या काठावरून डोलवायचा तशीच.

घसा खवखवतोय. गरम पाणी घेतो.

१८ मार्च, संध्याकाळ

हात नीट चालत नाही. उजवं मनगट सुजलंय. तरी लिहितो.

गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त होती. खालून ट्रक येताना दिसला. त्याच्या मागे आमची माणसं, सगळी रिकाम्या हातांनी. मी सांगितलं होतं तसं. मी व्यासपीठावर, हातात मेगाफोन. सौ. माझ्या पायाशी, ठोकळ्यांना टेकून.

ट्रक वाकणात आला. चालण्याच्या वेगाला आला. पहिला गिअर. मी म्हणत होतो, बंधूंनो, इतिहास साक्षी आहे, जे मागे वळून पाहतात ते...

इंजिनाचा आवाज बदलला. धडधड, धड. धड.

मग काहीच नाही.

पूर्ण शांतता. माझ्या सभेत इतकी शांतता कधी झाली नव्हती. मला वाटलं, वाक्य लागलं.

मग ट्रकमधली खडी हलल्याचा आवाज आला. आणि ट्रक मागे निघाला.

मला आरशात धाकट्याचं तोंड दिसलं. तो सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता. पेडल हलत नव्हतं. दगड. बाईंनी तोच शब्द वापरला होता. मागची माणसं एकमेकांवर पडत बाजूला व्हायला बघत होती, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. सगळ्यात मागे नेहमीसारखा तिरक्या. कोणाच्याच हातात काही नव्हतं.

धाकट्याने खिडकीतून हाक मारली. मला नाही.

वहिनी!

माझ्या पायाखालची जनता निघून गेली. सौ.ने खालचा एक ठोकळा उपसला होता, दुसऱ्या हाताने दुसरा. मी फळ्यांसकट खाली. मेगाफोन माझ्याखाली सापडून किंचाळत होता, आणि मी आडवा पडून तिच्या चपला पळताना बघत होतो.

पहिला ठोकळा चाकाने चावून बाजूला भिरकावला. दुसरा तिने तिरपा लावला आणि टाचेने आत ठोकला. चाक त्याच्यावर चढलं. थांबलं. परत हललं. धाकट्याने स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि ट्रकची पाठ डोंगराला जाऊन बसली.

मडगार्ड आणि डोंगराच्या मधे तिरक्या उभा होता. शर्टाचं बटण तुटलं, बाकी काही नाही. बटण रस्त्यावर घरंगळत गेलं, ते सगळ्यांनी पाहिलं. तिरक्या काही बोलला नाही, हे मला मनगटापेक्षा जास्त लागलं.

१९ मार्च

चावी टेबलावर आहे. धाकटा घरात आहे.

दुपारी समोर येऊन बसला. म्हणाला, बाई ब्रेकबद्दल काय म्हणाल्या होत्या? खरं सांग.

मी प्रस्तावना सुरू केली. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, लवकर मिटा.

सांगितलं. एका वाक्यात सांगता आलं. मला माहीत नव्हतं मला येतं.

धाकट्याने टेबलावरची चावी माझ्याकडे सरकवली. म्हणाला, आणि तू मला म्हणालास की खात्री आहे.

मी म्हणालो, हो.

त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. जोर कशाला म्हणतात, ते कळलं.

२१ मार्च

सौ. स्वतः जाऊन आखूड उंचवट्यांचा दांडा घेऊन आली. धाकट्याने काढून ठेवलेला मोठा परत केला. बाई म्हणाल्या म्हणे, अध्यक्षांना सांगा, झडपेचं काम उघडण्यापेक्षा मिटण्यात आहे. सौ.ने निरोप जसाच्या तसा दिला. दोनदा दिला.

धाकट्याने दांडा बसवला. मी स्टुलावर होतो, पण पाने हातात देत होतो. बारा नंबर पहिल्या हाकेलाच दिला.

२४ मार्च, रात्र

धाकटा चावी घ्यायला तयार झाला. एका अटीवर. म्हणाला, मागून ठोकळा घेऊन आता वहिनी चालणार नाही, तू चालणार. दोन्ही हातांनी धरायचा, म्हणजे हातवारे बंद. आणि वाकण संपेपर्यंत एक शब्द नाही. मला इंजिन ऐकू आलं पाहिजे.

मी चाललो. ठोकळा फार जड असतो. इतकी वर्षं सौ. तो उचलून चालत होती आणि घरी येऊन स्वयंपाकही करत होती, हे मी कुठल्याच भाषणात घेतलं नव्हतं. माझ्या पायांपासून चाक हातभर. चाकाशिवाय काही दिसत नाही. आवाज एकच, सलग, खालचा, घुमणारा. धाप न लागता. बसवाला मागून हॉर्न मारत होता. मारू दे.

वाकण आलं. गाडी रांगली. थांबेल असं वाटलं. ठोकळा छातीशी घट्ट. थांबली नाही. चढली.

वर पोचल्यावर धाकटा उतरला. ब्रेकच्या पेडलावर हाताने थोपटलं. मग माझ्या हातातला ठोकळा घेतला, फिरवून बघितला, आणि परत माझ्याच हातात दिला. म्हणाला, उद्या पण आहे, दादा.

तो डेपोत गेलेला नाही. एवढं पुरे.

(ठोकळा धरलेला माणूस बोलत नाही, हा शोध मात्र माझा. यावर पुढच्या सभेत पाऊण तास तरी... नाही. राहू दे.)

संध्याकाळी संघटनेच्या कचेरीच्या दारावर सूचना लावली. माझं सगळ्यात लहान भाषण. सौ.ने वाचलं आणि एकही शब्द कापला नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुमचे ठोकळे दाराबाहेर रचून ठेवले आहेत. उद्या गाडी काढण्याआधी या आणि आपापला ठोकळा घेऊन जा.